काट्यावर बैल उभे, आणि ट्रेसमध्ये काहीच नाही

प्रश्न: ताई, नमस्कार. मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये काट्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो. प्रोग्राम जावात आहे, माझ्या आधीच्या माणसानं लिहिलेला. सीझन लागल्यापासून एकच बोंब आहे, पावती लवकर निघत नाही. कधी १० सेकंदांत निघते, कधी पाऊण मिनिट लागतं. गाड्यांची रांग पार रोडपर्यंत जाते. मालक म्हणतात, 'तुहं सॉफ्टवेअर झोपून राह्यलं.' मागच्या एका अंकात तुम्ही लिहिलं होतं तसं जावाचं फ्लाइट रेकॉर्डर (चालू प्रोग्रामच्या आत काय घडतं ते टिपणारं साधन) लावून एका दुपारचं रेकॉर्डिंग घेतलं आणि ते दाखवणाऱ्या मिशन कंट्रोल या प्रोग्राममध्ये उघडलं. सीपीयू जवळपास रिकामा, मेमरी ठीक, जीसीचे (मेमरीतला कचरा गोळा करण्याचे) थांबे दोन-चार मिलिसेकंदांचे. पण त्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये पावती हा शब्दच कुठे नाही. त्यात आपल्या स्वतःच्या प्रकारचे इव्हेंट, म्हणजे घडलेल्या गोष्टींच्या नोंदी, टाकता येतात असं कळलं. कसे टाकायचे? आणि मुळात टाकायचे कुठे?
– एक वाचक, ता. हिंगणघाट

उत्तर: भाऊ, 'पावती हा शब्दच कुठे नाही' हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. अर्धं निदान त्यातच आहे. फ्लाइट रेकॉर्डरला जावाच्या पोटातलं सगळं कळतं. कुठला थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एक धागा) कुठल्या लॉकसाठी थांबला, फाइल वाचायला किती वेळ गेला, कचरा गोळा करायला मशीन किती वेळ अडलं, हे तो सांगेल. भरलेली गाडी, रिकामी गाडी, पावतीच्या तीन प्रती हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. ते तुम्ही सांगायचं असतं, आणि त्यासाठीच स्वतःचा इव्हेंट प्रकार.

हे हत्यार मुळात जेरॉकिट नावाच्या जावा मशीनमधलं, म्हणजे जावा प्रोग्राम चालवणाऱ्या इंजिनमधलं. ओरॅकल कंपनीकडे आल्यावर काही वर्षं ते पैसे भरणाऱ्यांसाठीच होतं. २०१८ साली जावा ११ बरोबर ते सगळ्यांना मोकळं झालं. तेव्हापासून स्वतःचा इव्हेंट लिहिणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. तो कुठे लावायचा हे ठरवायला मात्र एक अख्खी सकाळ काट्यापाशी उभं राहावं लागतं.

आधी 'कसं' ते सांगते. जेडीके-जेएफआर पॅकेजात (जेएफआर म्हणजे जावा फ्लाइट रेकॉर्डर) इव्हेंट नावाचा क्लास आहे. त्याला एक्स्टेंड करून आपला छोटा क्लास लिहायचा. त्याच्या डोक्यावर चार अॅनोटेशन (क्लासची माहिती सांगणाऱ्या खुणा) लावायची: नेम, लेबल, कॅटेगरी आणि वाटलं तर डिस्क्रिप्शन. आत साधी फील्ड्स ठेवायची: पावती क्रमांक, टप्पा, गाडीचा प्रकार, वजन. मग मूळ कोडमध्ये काम सुरू होण्याआधी या क्लासचं नवं ऑब्जेक्ट करून बिगिन म्हणायचं. काम झालं की फील्ड्स भरायची, एंड म्हणायचं आणि शेवटी कमिट. कमिट केलं नाही तर काहीही नोंदलं जात नाही. ज्या गोष्टीला लांबी नसते, उदाहरणार्थ ओलावा जास्त म्हणून गाडी परत पाठवली, तिला बिगिन-एंड लागत नाही. नुसतं कमिट केलं की त्या क्षणाची खूण उमटते.

नेम हे अॅनोटेशन अनेक जण वगळतात, कारण ते दिलं नाही तर क्लासचं पूर्ण नावच इव्हेंटचं नाव होतं आणि काम चालून जातं. पुढच्या वर्षी कुणी तो क्लास दुसऱ्या पॅकेजात हलवला की जुन्या रेकॉर्डिंगशी तुलना करणारं सगळं तुटतं. म्हणून नाव पहिल्या दिवशीच स्वतः द्यायचं आणि नंतर त्याला हात लावायचा नाही.

लेबल मात्र मराठीत लिहा. 'वजन स्थिर होण्याची वाट', 'पावती छपाई' असं. मिशन कंट्रोल ते तसंच दाखवतं, आणि मुनीमजी तुमच्या बाजूला खुर्ची ओढून बसले तर त्यांनाही वाचता येतं. विंडोजवर आणि जावा १८ च्या आधीच्या आवृत्तीवर असाल तर कंपाइल करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे असं स्पष्ट सांगा, नाहीतर लेबलांच्या जागी भलतीच अक्षरं येतील.

आता एक खड्डा. यात मी स्वतः पडले आहे आणि अख्खा दिवस घालवला आहे. इव्हेंटच्या फील्डमध्ये जावाचे मूळ प्रकार चालतात (पूर्णांक, दशांश, बूलियन वगैरे), आणि त्यांच्याशिवाय फक्त स्ट्रिंग, थ्रेड आणि क्लास. बाकी काही ठेवलं तर तो भाग गुपचूप गाळला जातो. चूक दाखवत नाही, सूचना देत नाही. एनम (ठरावीक पर्यायांची यादी) चालत नाही, अॅरे चालत नाही. पैशाच्या आणि वजनाच्या हिशेबात आपण ज्या बिगडेसिमलवर सवयीनं विसंबतो, तोही चालत नाही. आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रासाठी मी प्रोग्राम लिहून दिला आहे. त्यात गाय की म्हैस हे एनममध्ये होतं. रेकॉर्डिंगमध्ये तो रकानाच दिसेना. मी मिशन कंट्रोलच्या सेटिंग धुंडाळत बसले होते आणि दोष माझ्या क्लासमध्ये होता. तुमचा गाडीचा प्रकार एनममध्ये असेल तर त्याचं नाव स्ट्रिंग करून द्या. वजन किलोत पूर्णांक म्हणून द्या.

आता 'कुठे'. याच्यावर मला जास्त बोलायचं आहे.

त्याच दूध केंद्रावर माझी पहिली चूक अशी झाली की पूर्ण पावतीभोवती मी एकच मोठा इव्हेंट गुंडाळला. कॅन काट्यावर ठेवल्यापासून चिठ्ठी हातात पडेपर्यंत. रेकॉर्डिंग उघडलं तर एकेक लांब पट्टी: २० सेकंद, २६ सेकंद. हे तर रांगेतल्या बायका मला रोज तोंडावर सांगतच होत्या. दुसरी चूक उलट्या टोकाची. फॅट मशीनकडून येणारी ओळ वाचणारं जे लूप होतं त्याच्या आतच इव्हेंट टाकला. सेकंदाला कितीतरी इव्हेंट. रेकॉर्डिंगला मी आकाराची मर्यादा घातली होती, आणि मर्यादा भरली की जुना भाग टाकून दिला जातो. सकाळी ६ वाजताची गर्दी बघायला म्हणून मी ९ वाजता फाइल उघडली, तर ६ वाजताचं काहीच उरलेलं नव्हतं.

दोन्हीच्या मधली जागा सापडली ती केंद्रावरच्या पोराला विचारून. मी त्याला म्हटलं, दूध आल्यावर तू काय काय करतोस ते सांग. तो म्हणाला, 'माप घेतो, फॅट काढतो, नाव टाकतो, चिठ्ठी फाडतो.' चार क्रियापदं, म्हणून चार टप्पे. प्रत्येक टप्प्याचा वेगळा इव्हेंट, आणि चारही इव्हेंटवर तोच चिठ्ठी क्रमांक. दुसऱ्या दिवशी चित्र लख्ख दिसलं. 'चिठ्ठी फाडतो' हा टप्पा १२-१५ सेकंदांचा होता. त्याच थ्रेडवर, त्याच वेळेत, जावाचा स्वतःचा सॉकेट वाचण्याचा इव्हेंट आत बसलेला. दूधवाल्याला जाणारा एसएमएस छपाईच्या आधी, त्याच रांगेत पाठवला जात होता, आणि सकाळी आमच्याकडे रेंज असते-नसते. तो सॉकेटचा इव्हेंट पहिल्या दिवसापासून रेकॉर्डिंगमध्ये होता. तो कुणाच्या चिठ्ठीच्या पोटात आहे हे कळायला मार्ग नव्हता. आपला इव्हेंट आणि मशीनचा इव्हेंट एकाच थ्रेडवर एकाखाली एक दिसले की खरं काम होतं.

म्हणून तुमच्या पत्राला इथे बसून उत्तर देणं मला बरोबर वाटेना. आर्वीहून वर्धा आणि वर्ध्याहून हिंगणघाट अशी एसटीनं मी तुमच्या काट्यावर येऊन गेले, ते तुम्ही पाहिलंच. बाकी वाचकांसाठी लिहिते.

दुपारी दीडची वेळ. पांढऱ्या कापसानं भरलेली बैलगाडी काट्यावर चढली. इंडिकेटरवर लाल आकडे: २,०१५. मग २,०३०. मग २,०१०. डावीकडचा बैल माशा हाकलायला मान हलवत होता, आणि प्रत्येक वेळी त्याचं वजन पुढच्या पायावरून मागच्या पायावर जात होतं. गाडीवान खाली उतरला, वशिंडावर हात ठेवून हळू आवाजात त्याच्याशी बोलत उभा राहिला. २,०२०. २,०२०. २,०१५. प्रोग्रामला सलग ५ वाचनं अगदी सारखी हवी होती. तिकडे खिडकीतून मुनीमजी ओरडले, 'मशीन अटकलं वाटते!' गाडीवान म्हणाला, 'बैल हाय तो भाऊ, खांब नाही.'

काटा-इंडिकेटरशी हा प्रोग्राम सीरियल पोर्टवरून बोलतो, तेही एका वेगळ्या लायब्ररीतून. ती लायब्ररी जावाच्या बाहेर, स्वतःच्या नेटिव्ह कोडमधून पोर्ट वाचते. फ्लाइट रेकॉर्डरचे फाइल आणि सॉकेटचे तयार इव्हेंट जावाच्या स्वतःच्या वाचण्या-लिहिण्यावर बसवलेले असतात, म्हणून ही वाट पाहणं त्यांच्या नजरेला पडलंच नाही. सीपीयू रिकामा दिसतो, कारण प्रोग्राम खरंच काही करत नाही. बैलाची वाट बघतो.

आम्ही चार टप्पे ठरवले. वजन स्थिर होण्याची वाट. शेतकऱ्याचं नाव-गाव भरणं. डेटाबेसमध्ये नोंद. छपाई. यातला दुसरा टप्पा मुद्दाम वेगळा काढला, कारण तो माणसाच्या हाताचा वेळ आहे. मुनीमजींनी एंटर दाबेपर्यंतचा वेळ प्रोग्रामच्या वेळेत मिसळला तर त्यांच्यावर किंवा तुमच्यावर, कुणावर तरी अन्याय होतो. माणसाची वाट आणि मशीनची वाट नेहमी वेगळ्या इव्हेंटमध्ये मोजा. हे मी कुठेही, कुणालाही सांगेन.

कमिट आम्ही फायनली ब्लॉकमध्ये (मध्येच चूक झाली तरी शेवटी चालतोच त्या भागात) ठेवलं. छपाईत कागद अडकून एक्सेप्शन आलं आणि कमिट त्याच्या खालच्या ओळीवर असेल, तर ती गाडी रेकॉर्डिंगमध्ये येतच नाही. बघायची असते नेमकी तीच गाडी. 'यशस्वी' नावाचं एक बूलियन फील्डही जोडलं.

स्टॅक ट्रेस (कुठल्या कोडनं कुठल्या कोडला हाक मारली त्याची यादी) बंद केला. आपल्या इव्हेंटला तो आपोआप चालू असतो, पण इथे चारही टप्पे एकेका जागेवरूनच येतात, म्हणून दर वेळी तीच यादी साठवण्यात काही अर्थ नाही. थ्रेशोल्ड, म्हणजे इतक्या वेळाच्या वरचेच इव्हेंट नोंदव अशी मर्यादा, मात्र लावला नाही. तयार इव्हेंटांपैकी फाइल आणि सॉकेटचे इव्हेंट जावाच्या बऱ्याच आवृत्त्यांत नेहमीच्या सेटिंगमध्ये २० मिलिसेकंदांच्या वरचेच नोंदले जातात, कारण ते लाखोंनी होतात. दिवसाला काहीशे गाड्या असतील तिथे प्रत्येक गाडी नोंदवायची. लवकर सुटलेल्या गाड्याही हव्यात, नाहीतर उशीर म्हणजे कशाच्या तुलनेत हे कळणार नाही.

संध्याकाळपर्यंत ६३ गाड्या झाल्या. रेकॉर्डिंग डंप करून (फाइलमध्ये उतरवून) आधी 'जेएफआर समरी' ही आज्ञा चालवली. कुठल्या प्रकारचे किती इव्हेंट आले ते ती एका पानात सांगते. आपला इव्हेंट शून्य दिसला तर पुढे चित्रं बघत बसू नका, आधी कमिट शोधा. मग मिशन कंट्रोल. ट्रॅक्टरचं वजन ३-४ सेकंदांत स्थिर. बैलगाडीचं १५ ते ३०, एक तर ३८. नोंद नावालाच. छपाई प्रत्येक गाडीला ६ सेकंद, तीन प्रती मिळून, त्याच थ्रेडवर. म्हणजे छापून होईपर्यंत पुढच्या गाडीचं वजन वाचायला सुरुवातच होत नव्हती. आणि मुनीमजी नाव भरायला बसत ते वजन ठरल्यावर, कारण स्क्रीनच तशी बनवलेली होती.

यावर तुम्ही लगेच म्हणालात, ५ ऐवजी २ वाचनं सारखी आली की वजन धरू. मी नको म्हटलं, आणि इथेही नकोच म्हणते. त्या ५-१० किलोत शेतकऱ्याचा कापूस आहे. वर्षभराची उस्तवार करून, फवारे मारून, वेचणीची मजुरी देऊन तो माणूस त्या काट्यापाशी येतो. त्याची रांग लहान करायची म्हणून त्याच्या वजनाला हात लावायचा नाही. काट्याच्या अचूकतेचे नियम वैध मापनशास्त्र विभागाचे आहेत, आणि वेगासाठी ते वाकवण्याचा अधिकार प्रोग्राम लिहिणाऱ्याला नाही.

करता येतं ते हे. बैल थांबेपर्यंत नाव-गाव भरून घ्या, म्हणजे दोन वाटा एकामागे एक न लागता एकत्र सरतील. छपाई वेगळ्या थ्रेडवर टाका. आणि बाहेरच्या मोठ्या डिस्प्लेवर 'वजन स्थिर होत आहे' असं लिहा, म्हणजे गाडीवानाला कळेल की मशीन अडकलेलं नाही, त्यानं बैलाला चुचकारत राहावं. हे सगळं करण्याच्या आधीचं रेकॉर्डिंग जपून ठेवा. नंतरचं त्याच्या शेजारी ठेवून मालकांना दाखवा.

छपाई दुसऱ्या थ्रेडवर नेलीत की एक लक्षात ठेवा. इव्हेंट ज्या थ्रेडवर कमिट होतो त्याच्या नावावर नोंदला जातो. म्हणून छपाईच्या इव्हेंटचं बिगिन आणि कमिट दोन्ही छपाईच्याच थ्रेडवर करा. एका गाडीचे चार तुकडे जोडायला पावती क्रमांक आहेच.

शेतकऱ्याचं नाव किंवा मोबाइल क्रमांक इव्हेंटमध्ये टाकू नका. रेकॉर्डिंगची फाइल आपण पेन ड्राइव्हवर देतो, व्हॉट्सअॅपवर पाठवतो. उशिराचं कारण शोधायला पावती क्रमांक पुरतो.

प्रश्न: मॅडम, मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून अँड्रॉइड अॅप केलं आहे. कामगंध सापळ्याचा फोटो काढला की त्यात गुलाबी बोंडअळीचे किती पतंग अडकले ते अॅप मोजून सांगतं. माझ्या फोनवर बरं चालतं, पण बाबांच्या जुन्या फोनवर फोटोनंतर खूप वेळ स्क्रीन तशीच राहते. पर्फेटोमध्ये (अँड्रॉइडवर कशाला किती वेळ लागला ते पट्ट्यांनी दाखवणाऱ्या साधनात) ट्रेस घेतला, पण माझ्या मोजणीचा भाग त्यात वेगळा ओळखू येत नाही.
– एक वाचक, पुसद

उत्तर: तुझ्या बाबांच्या फोनवर ट्रेस घेतलास हे फार बरं केलंस. ज्यांच्यासाठी अॅप आहे त्यांच्या हातात तसलाच फोन असतो.

अँड्रॉइडमध्ये ट्रेस नावाचा तयार क्लास आहे. मोजणीच्या आधी त्याचं बिगिन-सेक्शन आणि नंतर एंड-सेक्शन म्हण. बिगिनला दिलेलं नाव पर्फेटोमध्ये पट्टीवर दिसेल. नाव १२७ अक्षरांच्या आत हवं. दोन्ही हाका एकाच थ्रेडवर हव्यात, आणि एंड फायनलीमध्ये हवं. एक जरी एंड सुटलं तर त्या थ्रेडवरच्या पुढच्या सगळ्या पट्ट्या चुकीच्या घरात बसतात.

तुझं काम मला तीन तुकड्यांत दिसतं: फोटो फाइलमधून उघडणं, तो लहान करणं, आणि पतंग मोजणं. तिघांना वेगळी नावं दे. माझा अंदाज पहिल्यावर आहे. कॅमेऱ्याचा पूर्ण आकाराचा फोटो जुन्या फोनच्या मेमरीत उघडणं हेच जड असतं. पण अंदाजावर कोड बदलू नकोस, पट्टी बघ. काम एका थ्रेडवर सुरू होऊन दुसऱ्यावर संपत असेल तर असिंक सेक्शन वापर. ते अँड्रॉइड १० पासून आहे. काउंटरही (बदलता आकडा ट्रेसमध्ये नोंदवण्याची सोय) तिथूनच मिळतो. तो लावलास तर सापडलेल्या पतंगांची संख्या वेळेच्या रेषेवर चढताना दिसेल. फोटोत पतंग जास्त असले की वेळ वाढतो का, हे त्यातून कळेल. बाबांचा फोन १० च्या आधीचा असेल तर हे दोन सोडून दे, साधं बिगिन-एंड पुरे.

प्रश्न: आमच्या सोसायटीचा खत-बियाण्यांच्या बिलाचा प्रोग्राम अजून जावा ८ वर आहे. बदलायला कुणी तयार नाही. स्वतःचे इव्हेंट टाकता येतील का?
– एक वाचक, दर्यापूर

उत्तर: येतील. ओपनजेडीके ८ चं अपडेट २६२ किंवा त्याच्या पुढचं बसवा. ते २०२० च्या जुलैमध्ये आलं आणि त्यात फ्लाइट रेकॉर्डर मागे आणून बसवलेला आहे. वर हिंगणघाटच्या वाचकाला सांगितलेला क्लास, बिगिन, एंड आणि कमिट तिथे तसंच चालतं. प्रोग्राम चालू असतानाच इव्हेंट वाचत राहण्याची जी सोय जावा १४ मध्ये आली, ती मिळणार नाही. रेकॉर्डिंग डंप करून नंतर उघडायचं. मशीनवर जावाची आवृत्ती तपासताना बिलाचा प्रोग्राम खरोखर कुठल्या फोल्डरमधला जावा उचलतो तेही बघा. एकाच कॉम्प्युटरवर दोन-तीन जावा बसवलेले मी कितीदा पाहिले आहेत, आणि अपडेट भलत्यालाच झालेलं असतं.